परीक्षक बाहेरचा हवा

पोस्टरसमोर उभा असलेला मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा असेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय आणि दर मिनिटाला तो टाय सारखा करायचा चाळा. पोस्टरवर एका जुन्या वहीच्या पानांचे फोटो होते. टेक्सासातल्या एका खेड्यातल्या, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या सभांची ही इतिवृत्तं, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीची. सभासदांच्या यादीत वर गोऱ्यांची नाव-आडनावासकट नोंद आणि खाली नुसती पहिली नावं. त्या प्रत्येक नावापुढे 'अमक्याचा', 'तमक्याची'. रविवारी एकाच छपराखाली स्तोत्रं म्हणायची आणि सोमवारी एकाने मालक व्हायचं, दुसऱ्याने मालमत्ता. मुलगा त्याच चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला. त्याची आजी शेजारी घडीच्या खुर्चीत बसून ऐकत होती.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई रसायनशास्त्राच्या. इतिहासाशी त्यांचा संबंध नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पान फाडून टाकलं, असं तू लिहिलंयस. फाडलं, हे कशावरून? गळूनही पडलं असेल."

मुलगा गप्प झाला. टायकडे गेलेला हात तिथेच थांबला. मग म्हणाला, "मला माहीत नाही. मी तसं धरून चाललो."

"मग ते शोधशील कसं?"

पुढची दहा मिनिटं ते दोघं वहीची शिलाई, कागदाची कड आणि समोरच्या पानावर उमटलेली शाई यांवर बोलत राहिले. आजी खुर्ची पुढे ओढून ऐकायला लागल्या. मी दोन पोस्टरं पलीकडे, माझ्या भाचीच्या पोस्टरसमोर उभा होतो आणि तिचं बोलणं माझ्या कानावरून जात होतं.

माझी बहीण टेक्सासात राहते. तिची मुलगी तिथल्या एका छोट्या ख्रिस्ती विद्यापीठात शिकते. शिष्यवृत्ती बरी मिळाली म्हणून गेली, बाकी घरात दीड दिवसाचा गणपती असतोच. चॅपलचं, म्हणजे तिथल्या प्रार्थनासभेचं काय, असं मी विचारलं तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, आपल्या वेळचं एनएसएस समज. हजेरी लागते." तिथले ऑनर्सचे विद्यार्थी नेहमीच्या पदवीसोबत काही अवघड विषय जास्तीचे घेतात, शेवटच्या वर्षी एका प्राध्यापकाच्या हाताखाली प्रबंध लिहितात आणि एप्रिलमध्ये तो सगळ्यांसमोर मांडतात. ग्रंथालयाच्या दालनात कार्यक्रम होता. सुरुवातीला प्रार्थना झाली, मग कॉफी, मग पोस्टरं. सगळीच काही ग्रेट नव्हती. निम्म्यांचा निष्कर्ष 'यावर अधिक संशोधन व्हायला हवं' इतकाच होता. आईबाप फोटो काढत होते. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनासारखीच हवा होती, फक्त गजरे नव्हते.

पण 'मला माहीत नाही' हे वाक्य मी तिथून घेऊन आलो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. एवढ्या वर्षांत तोंडी परीक्षेला बसलेल्या एकाही मुलाच्या तोंडून हे वाक्य इतक्या सरळपणे आलेलं मला आठवत नाही. आपल्याकडे ते म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

त्यात मुलांचा दोष किती? काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजात प्रकल्पांचा 'एक्स्टर्नल' म्हणून गेलो होतो. टेबलावर काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे बेचाळीस अहवाल रचून ठेवलेले. मुलं त्याला ब्लॅक बुक म्हणतात. अकरा वाजता सुरुवात आणि एकला जेवण, असा बेत. गाइड माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून. पहिलाच मुलगा आला तेव्हा ते हळूच म्हणाले, "सर, पोरं चांगली आहेत, सांभाळून घ्या." सांगलीतल्या ग्राहकांच्या पसंतीवरचा एक अहवाल उघडला, तर मध्येच एका पानावर नाशिक. पुढे पुन्हा सांगली. मी विचारलं, "हे नाशिक कुठून आलं?" मुलाने गाइडकडे पाहिलं. उत्तर गाइडनी दिलं, "टायपिंग मिस्टेक." मी सही केली. त्या दिवशी मी बेचाळीस सह्या केल्या आणि जेवणात बासुंदी होती. म्हणजे तक्रार करायचा अधिकार मला फारसा उरत नाही, पण साक्ष द्यायचा उरतो.

टेक्सासची गोष्ट इकडे येऊन सांगितली तर मित्रांत दोन तट पडले. एकजण म्हणाला, "ख्रिस्ती विद्यापीठात कसलं संशोधन? उत्तर आधीच ठरलेलं असणार." दुसरा म्हणाला, "बघा, त्यांना प्रार्थना करून संशोधन करायची लाज वाटत नाही, आणि आपल्याला सरस्वतीचा फोटो लावायला वाटते." दोघेही तावातावाने बोलले आणि दोघांच्याही बोलण्यात त्या रसायनशास्त्राच्या बाई कुठेच नव्हत्या. माझं म्हणणं नेमकं त्यांच्यापासून सुरू होतं. विद्यापीठाची श्रद्धा कोणती, याने विद्यार्थ्याच्या संशोधनाची किंमत ठरत नाही. त्याच्या गाइडशी ज्याचं काही देणंघेणं नाही, असा माणूस येऊन 'कशावरून?' विचारू शकतो का, यावर ती ठरते.

अमेरिकेत या ऑनर्सचं जे रूप रुजलं त्याच्या मुळाशी हाच विचार होता, आणि तो एका धार्मिक पंथाने काढलेल्या कॉलेजात पिकला. फिलाडेल्फियाजवळचं स्वार्थमोर कॉलेज १८६४ मध्ये क्वेकर मंडळींनी स्थापन केलं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतले जरा वेगळेच लोक. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत धर्मगुरू नसतो. सगळे शांत बसतात, ज्याला आतून वाटेल तो उठतो, चार वाक्यं बोलतो आणि खाली बसतो. फ्रँक एडलॉट हे १९२१ मध्ये या कॉलेजचे अध्यक्ष झाले. तोवर पंथाची औपचारिक पकड सैल झाली होती, पण संस्कार शिल्लक होता. एडलॉट ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले. तिथलं पाहून त्यांनी १९२२ मध्ये ऑनर्सची योजना सुरू केली. शेवटची दोन वर्षं मोजक्या मुलांचे छोटे गट, चर्चा, लेखन. आणि अखेरची परीक्षा, लेखी आणि तोंडी दोन्ही, घ्यायला दुसऱ्या विद्यापीठांतले प्राध्यापक. शिकवणाऱ्याच्या हातात शेवटचे गुण नाहीत. ही प्रथा तिथे शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

यात एक गंमत होते. परीक्षा बाहेरचा माणूस घेणार म्हटल्यावर शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. कुस्तीच्या फडात वस्ताद आपल्या पठ्ठ्यासोबत असतो, पंच म्हणून नसतो, तसं. पठ्ठ्याच्या डावातली खोट वस्ताद आखाड्यातच काढतो, कारण मैदानात ती दुसरा कोणी काढणार आहे. माझ्या शेजारी बसलेले ते गाइड एकाच वेळी वस्ताद आणि पंच होते. शिवाय त्यांनी मला बासुंदी वाढलेली.

आपल्या मातीतल्या एका मुलीने क्वेकरांच्याच पुढाकाराने १८५० मध्ये उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात आपला प्रबंध सादर केला होता, हे आपण विसरतो. आनंदीबाई जोशी. आपण त्यांची जिद्द आठवतो, बोटीचा प्रवास आठवतो, अकाली मृत्यू आठवतो. प्रबंध आठवत नाही. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांना एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस होते. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, आणि त्यात आयुर्वेदातले आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांतले असे दोन्ही संदर्भ होते.

या कथेत ख्रिस्ती माणसं दोन प्रकारांनी येतात. गोपाळरावांनी मदतीसाठी पत्र लिहिलं ते वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला. मदत करू, पण धर्म बदला, असा तिकडचा सूर. तो पत्रव्यवहार मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहताना वाचला. त्यांनी अट न घालता घर उघडलं. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, भर सभेत सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. महाविद्यालयाने त्यांना तशाच ठेवून घेतलं, आणि विषयही त्यांच्या घरचा निवडू दिला.

मला मात्र एक शंका नेहमी येते. त्या प्रबंधातल्या जुन्या भारतीय ग्रंथांच्या संदर्भांवर फिलाडेल्फियात 'कशावरून?' असं विचारू शकेल असा परीक्षक कोण असणार? आदर होता, माया होती, अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी तर मुलीसारखं सांभाळलं. पण समोरून अडवू शकेल असा माणूस बहुधा नव्हता. पुण्यातला एखादा वैद्य किंवा शास्त्री त्या टेबलापलीकडे असता तर त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला काय उत्तर दिलं असतं, ते वाचायला मला फार आवडलं असतं. नुसत्या कौतुकाने संशोधन पोसत नाही. परक्या देशातून आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आजही कौतुकच जास्त येतं. माझ्या भाचीच्या पोस्टरसमोर दोघं-तिघं 'किती सुंदर' म्हणून पुढे गेले आणि ती हिरमुसली. "मामा, त्या मुलाला जसं विचारलं ना, तसं मला कोणीच विचारलं नाही," असं गाडीत म्हणाली.

आता माझ्या पहिल्या मित्राचा आक्षेप. उत्तर आधीच ठरलेलं असणार, हा. त्याला उडवून लावता येत नाही, आणि त्यासाठी टेक्सासातलंच सर्वांत नावाजलेलं उदाहरण घ्यावं लागेल. वेको शहरातलं बेलर विद्यापीठ. टेक्सास हे स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, १८४५ मध्ये सनद मिळालेलं, बाप्टिस्टांचं. तिथे आवारात नाच करायला १९९६ पर्यंत बंदी होती, यावरून ओळखावं. याच विद्यापीठाला डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सर्वोच्च संशोधन-श्रेणीत स्थान मिळालं. श्रद्धा सोडली नाही आणि प्रयोगशाळाही सोडली नाही.

या श्रद्धेनेच तिथे एक काम उभं केलंय. २००५ मध्ये पत्रकारितेचे प्राध्यापक रॉबर्ट डार्डन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल संगीताच्या जुन्या तबकड्या नाहीशा होत चालल्यात. एका वाचकाने पैसे देऊ केले आणि बेलरच्या ग्रंथालयात त्या तबकड्या जमवून, स्वच्छ करून, त्यांचं डिजिटल रूप करायचं काम सुरू झालं. त्यात असं लक्षात आलं की ज्या तबकडीची पहिली बाजू नेहमीची भक्तिगीतं गाते, तिच्या मागच्या बाजूला कितीदा तरी नागरी हक्कांच्या लढ्याचं गाणं असतं. रेडिओवर वाजणार पहिली बाजू. मागची बाजू ज्याने तबकडी विकत घेतली त्याच्यासाठी. हा प्रश्न भक्तिसंगीत कानात असलेल्या माणसालाच सुचला. बाहेरच्याला त्या तबकड्या भंगार वाटल्या असत्या. आपल्याकडे वारीचे अभंग, भारूडं, कव्वाल्या, वसईच्या ख्रिस्ती लोकांची लग्नगीतं यांच्या बाबतीत हे वेगळं सांगायला नको. आतल्या माणसाला प्रश्न दिसतो, बाहेरचा माणूस उत्तर तपासतो. ही जोडी जमली की काम होतं. बेलरच्या विश्वस्तांनी २०२० मध्ये ठराव करून आपल्या संस्थापकांचा गुलामगिरीशी असलेला संबंध मान्य केला, तोही याच वाटेने. माझा तो टायवाला मुलगा वेगळ्या विद्यापीठातला, पण वारा एकच.

दुसरी बाजूही तिथलीच. १९९९ मध्ये बेलरच्या प्रशासनाने प्राध्यापकांना न विचारता एक केंद्र काढलं, 'इंटेलिजंट डिझाइन'चं, म्हणजे सजीवांच्या रचनेमागे बुद्धिमान योजना आहे हे विज्ञान म्हणून मांडणाऱ्या विचाराचं. प्राध्यापकांच्या सभेने एप्रिल २००० मध्ये सत्तावीस विरुद्ध दोन मतांनी ते बंद करा म्हणून सांगितलं. अध्यक्ष अडून बसले, मग बाहेरच्या तज्ज्ञांची समिती आली, आणि ऑक्टोबरात केंद्राच्या संचालकांना त्या पदावरून दूर केलं गेलं. हे सत्तावीस कोणी नास्तिक घुसखोर नव्हते. त्यांतले बरेच दर रविवारी चर्चला जाणारे असणार. देव आहे, असं मानणं वेगळं आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली सापडला म्हणणं वेगळं, एवढं त्यांना कळत होतं.

आणि २०२५ चा उन्हाळा. बेलरच्या समाजकार्य विभागातल्या एका केंद्राला एका बाप्टिस्ट कुटुंबाच्या न्यासाकडून सुमारे ६ लाख ४३ हजार डॉलर मिळाले. विषय असा की चर्चमध्ये समलिंगी आणि पारलिंगी माणसांना आणि स्त्रियांना कसं सामावून घेतलं जातं किंवा बाहेर ठेवलं जातं. जूनअखेरीस घोषणा, आणि जुलैत, दोन आठवडेही झाले नसतील, पैसे परत करायचा निर्णय. अध्यक्षांनी कारण दिलं ते असं की आक्षेप संशोधनाला नाही, त्याच्यापुढे जाऊन विद्यापीठाच्या धोरणाविरुद्ध होणाऱ्या पुरस्काराला आहे. हे कारण प्रामाणिक आहे असं मी धरून चालतो. तरीही पुढच्या वर्षी ऑनर्सचा विषय निवडायला बसलेल्या वीस वर्षांच्या पोराने यातून काय घ्यायचं? त्याच्या लक्षात इतकंच राहणार की उत्तर चुकलं तर मार्क जातात, आणि प्रश्न चुकला तर गाइडवर बालंट येतं. तो दुसरा विषय घेईल. त्याला कोणी काही म्हटलेलं नसेल, कुठे कागद सापडणार नाही. असं न लिहिलेलं संशोधन मोजायचं कसं?

मिशिगनमधल्या कॅल्विन विद्यापीठात हा पेच आणखी उघड दिसतो. तिथल्या प्राध्यापकांना चर्चच्या श्रद्धावचनांना बांधील असल्याची सही करावी लागते, विद्यार्थ्यांना लागत नाही. उत्क्रांतीच्या ज्ञानापुढे आदाम आणि हव्वा यांची कथा इतिहास म्हणून टिकते का, असा लेख लिहिल्यावर धर्मशास्त्राच्या एका प्राध्यापकांना २०११ मध्ये तिथून बाहेर पडावं लागलं. म्हणजे विद्यार्थी मोकळा आणि गाइड बांधलेला. विद्यार्थी जो प्रश्न घेऊन पोस्टरसमोर उभा राहू शकतो, तो गाइडला स्वतःच्या नावावर घेता येत नाही. इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजात तर आदाम आणि हव्वा हे मानवजातीचे ऐतिहासिक मायबाप, हे संस्थेच्या श्रद्धापत्रकातच आहे, आणि प्राध्यापक दरवर्षी ते नव्याने मान्य करतात.

मला हे पटत नाही. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने बोलावी लागते. ती मर्यादा लिहिलेली आहे. प्रवेशाचा फॉर्म भरतानाच मुलाला आणि त्याच्या बापाला ती वाचता येते. कुंपण दिसतं, म्हणून कुंपणापाशी उभं राहून भांडताही येतं, आणि नको असेल तर दुसरं कॉलेज बघता येतं.

आपली मात्र झाकली मूठ. आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत कोणता प्रश्न विचारू नये याबद्दल एक ओळ नव्हती. पण संस्थाचालकांच्या साखर कारखान्याचा ताळेबंद हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही, हे अर्थशास्त्र विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं. गावातल्या पतसंस्थेची थकबाकी, देवस्थानच्या जमिनी, एखाद्या जातीच्या वसतिगृहाचा हिशेब, महापुरुषांपैकी कोणाच्याही चरित्रातला वादाचा मुद्दा, हे विषय माझ्या तीस वर्षांत एकाही मुलाने मागितले नाहीत आणि मीही कोणाला सुचवले नाहीत. आमचं कॉलेज कोणत्याही धर्माचं नव्हतं.

आणि कुंपण दिसत नसलं तरी पाय लागला की कळतंच. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जमाव चालून गेला. कारण काय, तर शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकात संस्थेतल्या विद्वानांचे आभार मानले होते. ते लेखक मिनेसोटातल्या, प्रेस्बिटेरियन पंथीयांनी स्थापन केलेल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकवणारे. त्या पुस्तकातलं ते कुप्रसिद्ध वाक्य म्हणजे ऐकीव कुचाळकी होती, पुरावा शून्य. माझा राग आजही गेलेला नाही. पण त्या वाक्यावर 'कशावरून?' हा एकच प्रश्न पुरेसा होता, आणि तो छापण्याआधी टेबलापलीकडून यायला हवा होता. तिकडे तो आला नाही, इकडे त्याच्याऐवजी काठ्या आल्या, आणि फुटली ती आपलीच कपाटं.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे ऑनर्स आता आपल्या दारात आलंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी चार वर्षांची करता येणार. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घेता येईल, त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी हे २०२३ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४ पासून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे तालुक्याच्या गावातली मुलं आता प्रबंध लिहिणार. मला याचा मनापासून आनंद आहे. विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा गेली वीस वर्षं आहे आणि तिथे मुलं चांगली तयारीही करतात, पण स्पर्धा म्हटली की नंबर काढायचा असतो, आणि नंबर काढायला निघालेला मुलगा 'मला माहीत नाही' कशाला म्हणेल?

मला भीती ब्लॅक बुकची वाटते. तेच अहवाल, तीच सोनेरी अक्षरं, फक्त पानं दुप्पट आणि वर 'संशोधन' असा शिक्का. अमेरिकेतून पोस्टर उचलायला अडचण काहीच नाही. फ्लेक्सवाला प्रत्येक गावात आहे. त्या रसायनशास्त्राच्या बाई मात्र उचलून आणता येत नाहीत, त्या तयार कराव्या लागतात. मराठीच्या प्रबंधाला वनस्पतिशास्त्राचा माणूस, वाणिज्यच्या प्रबंधाला गावातला एखादा जाणता हिशेबनीस, इतिहासाच्या प्रबंधाला शेजारच्या जिल्ह्यातला शिक्षक. परीक्षा बंद खोलीत न घेता सभागृहात, आईबाप आणि आजी यांच्या देखत. आणि गाइडने पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून द्यावं की या कॉलेजात अमुक विषय तुला घेता येणार नाही, आणि का. तो कागद पोस्टरशेजारी लावावा. सही करायला हात थरथरेल, पण मूठ तरी उघडेल.

गेल्या महिन्यात हे सगळं मी आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते माझेच विद्यार्थी. चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं, कागदाच्या मुद्द्यावर हसले. मग म्हणाले, "सर, बाकीचं बघू. पण बाहेरून माणूस बोलवायचा तर त्याचा टीए-डीए कुठल्या हेडखाली टाकायचा?"

"एसटीने येईल," मी म्हटलं.

"आणि जेवण?"

"डबा आणेल."

ते पुन्हा हसले आणि क्लार्कला हाक मारून मागच्या वर्षीच्या एक्स्टर्नलांची यादी मागवली. त्यात माझं नाव तिसरं होतं.